वॉबॅशकाठचे न्यू हार्मनी : दोन स्वर्ग आणि एक वाचनालय

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुरी केली, की त्याच्या संस्थापकांची आणि देणगीदारांची नावे कृतज्ञतेने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालये स्थापन होतात तितक्याच सहजतेने नाहीशीही होतात, आणि नाहीशा झालेल्यांचा सत्कार कोणी करीत नाही. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी थोडे दूर जाऊन, एका परक्या देशातल्या लहानशा नदीकाठच्या गावाची हकिकत पाहावयाची आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वॉबॅश नदीच्या तीरावर न्यू हार्मनी नावाचे एक खेडे आहे. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या भरली अवघी ६९०. या गावात १८१४ ते १८२७ या तेरा वर्षांत पृथ्वीवर स्वर्ग उतरविण्याचे दोन प्रयत्न झाले. एक धर्मश्रद्धेच्या बळावर, दुसरा बुद्धिवादाच्या. दोन्ही स्वर्ग गेले. गाजावाजा न करता सुरू झालेले एक वाचनालय तेवढे राहिले. ते का राहिले, आणि त्याच दात्याच्या पैशाने निघालेली इतर दीडशेहून अधिक वाचनालये का राहिली नाहीत, हा या कथेतला खरा विचार करण्याजोगा भाग आहे.

प्रथम नदीविषयी. वॉबॅश ही त्या भागात इंडियाना आणि इलिनॉय या दोन राज्यांची सीमा आहे. ती पुढे ओहायो नदीला मिळते, ओहायो मिसिसिपीला, आणि मिसिसिपी न्यू ऑर्लिन्सपाशी समुद्राला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या अरण्यमय प्रदेशात रस्ते जवळजवळ नव्हतेच. नदी हाच रस्ता. माल जायचा नदीने, पत्रे यायची नदीने, आणि पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या दलदलीतून हिवतापही यायचा नदीनेच. ही भूमी ओसाड मात्र नव्हती. गावाच्या जुन्या दफनभूमीत आजही मातीचे उंचवटे दिसतात. ते युरोपीय माणसाच्या आगमनापूर्वी शेकडो वर्षे आधी तेथे राहिलेल्या आदिवासींच्या दफनाचे आहेत. त्यांच्या वारसांकडून करारांच्या आणि दडपणाच्या मार्गाने घेतलेली जमीन सरकार विकत होते, आणि तीच जमीन पहिल्या स्वर्गाच्या निर्मात्यांनी विकत घेतली.

या पहिल्या निर्मात्याचे नाव योहान गेओर्ग रॅप. अमेरिकेत तो जॉर्ज रॅप झाला. जन्म १७५७ चा, जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतातील इप्टिंगेन या खेड्यातला, व्यवसाय विणकराचा. राजमान्य चर्चशी त्याचे पटले नाही. ख्रिस्ताचे पुनरागमन समीप आले आहे आणि त्याच्या स्वागतासाठी शुद्ध आचरणाचा एक समाज सिद्ध असला पाहिजे, असे तो सांगू लागला. १८०३ मध्ये तो अमेरिकेत गेला, पाठोपाठ शेकडो अनुयायी गेले, आणि १८०५ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यात ‘हार्मनी’ समाजाची रीतसर स्थापना झाली. प्रत्येकाने आपली मालमत्ता समाजाच्या खात्यात घालायची आणि समाजाने प्रत्येकाच्या अन्नवस्त्राची आणि म्हातारपणाची सोय पाहायची, असा तो करार होता. १८०७ पासून त्यांनी ब्रह्मचर्य स्वीकारले. विवाहित जोडपीसुद्धा भावाबहिणींप्रमाणे राहू लागली. इंग्रज कवी बायरनला या प्रकाराची इतकी गंमत वाटली की ‘डॉन जुआन’ या काव्यात त्याने रॅपची नाव घेऊन थट्टा केली आहे.

पेन्सिल्व्हेनियातील जागा नदीपासून दूर होती, म्हणून १८१४ मध्ये हा समाज वॉबॅशकाठी आला. आरंभीच्या एकदोन वर्षांत हिवतापाने शंभरावर माणसे दगावली. तरीही दहा वर्षांच्या आत त्या जर्मन शेतकऱ्यांनी जंगल तोडून, दलदल आटवून शेते, द्राक्षमळे आणि फळबागा उभ्या केल्या. गिरण्या, हातमाग, मद्याच्या भट्ट्या, दगडविटांचे प्रचंड धान्यकोठार, क्रूसाच्या आकाराचे विटांचे चर्च, असे सगळे तेथे झाले. त्यांचे कापड, पीठ आणि दारू नदीमार्गे न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाऊन खपत असे. व्यवहाराची बाजू रॅपचा दत्तक पुत्र फ्रेडरिक सांभाळीत असे. १८१६ मध्ये इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत तोही एक प्रतिनिधी होता. परकी भाषा बोलणाऱ्या, शेजाऱ्यांत न मिसळणाऱ्या समाजाने एवढ्या अल्पकाळात एवढे स्थान मिळविले, ही साधी गोष्ट नव्हे.

या यशाचे रहस्य आज्ञापालनात होते. काय पेरायचे, केव्हा उठायचे, कोणाला क्षमा करायची, हे सारे बाबा रॅप ठरवीत. त्या दफनभूमीत या समाजाची सुमारे २३० माणसे पुरली आहेत आणि एकाही थडग्यावर नाव नाही. मरणात सर्व समान, अशी त्यामागची भावना. ती उदात्त आहे हे मान्य केले तरी, जिवंतपणीही त्या समाजात नाव फारसे कोणाला नव्हते, हे विसरता येत नाही. त्यांच्यापाशी छापखाना होता आणि १८२४ मध्ये त्यावर मनुष्याच्या नियतीविषयी एक पुस्तकही छापले गेले. पण छापखान्याचे काम बाबांचा विचार पसरविणे एवढेच होते.

१८२४ मध्ये रॅपने गाव विकायला काढले. हिवताप, बाजारपेठांपासूनचे अंतर, शेजाऱ्यांचा मत्सर अशी अनेक कारणे सांगितली जातात. अनुयायांचे हात रिकामे राहिले तर मन भरकटेल, म्हणून त्यांना पुन्हा नव्याने नगर बांधायला लावणे, हेही एक कारण असावे असे काही इतिहासकारांना वाटते. ते खरे वाटते. समाज परत पेन्सिल्व्हेनियात गेला, ओहायोकाठी त्याने ‘इकॉनॉमी’ नावाचे तिसरे गाव वसविले, तेथे संपन्न झाला आणि ब्रह्मचर्यामुळे पिढीगणिक घटत जाऊन १९०५ मध्ये विसर्जित झाला.

गाव विकत घेणारा गृहस्थ मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. सहकारी चळवळीच्या किंवा समाजवादाच्या इतिहासात रॉबर्ट ओवेन हे नाव आरंभीच येते. १७७१ मध्ये वेल्समधील न्यूटाउन येथे जन्मलेला हा कारागिराचा मुलगा स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्यांचा चालक झाला. इतर गिरण्यांत पाच-सहा वर्षांची पोरे राबत असताना त्याने दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले, त्यांच्यासाठी शाळा काढली आणि तरीही गिरणी नफ्यात चालवून दाखविली. माणसाचे शील तो स्वतः घडवीत नाही, परिस्थिती घडविते; परिस्थिती बदला, माणूस बदलेल, हा त्याचा सिद्धान्त. इंग्लंडमध्ये त्याला हवी तशी साथ मिळेना. तेवढ्यात वॉबॅशकाठी बांधलेले, तयार गाव विक्रीस असल्याची वार्ता आली. घरे, गिरण्या, शेते, कोठारे, सगळे सिद्ध. फक्त नवी माणसे आणायची. १८२५ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख डॉलरांना व्यवहार ठरला.

त्यानंतर ओवेनने जे केले ते फार वैशिष्ट्यपूर्ण आहे. तो गावात जाऊन बसला नाही. व्याख्याने देत हिंडला. फेब्रुवारी आणि मार्च १८२५ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात त्याची दोन भाषणे झाली. एप्रिलमध्ये तो न्यू हार्मनीला आला आणि रॅपच्याच चर्चमध्ये उभे राहून त्याने नव्या युगाची घोषणा केली. सर्वांना आमंत्रण होते. येणाऱ्याला काय येते, तो का आला, हे कोणी विचारीत नव्हते. आणि जून महिन्यात गाव आपल्या तरुण मुलाच्या व एका समितीच्या हाती सोपवून ओवेन पुन्हा निघून गेला, तो उगवला पुढच्या जानेवारीत.

दरम्यान आठशे-हजार माणसे जमा झाली होती. त्यांत ध्येयवादी होते, विद्वान होते, आणि फुकट राहायला मिळते म्हणून आलेलेही पुष्कळ होते. शेतकरी आणि कारागीर मात्र थोडे. रॅपच्या लोकांनी चालविलेली कुंभारशाळा आणि रंगशाळा कुशल हातांअभावी पडून राहिल्या. वादविवाद मात्र भरपूर झाले. आठवड्याला नृत्य होई, संगीत होई, वृत्तपत्र निघे. दोन वर्षांत समाजाची घटना अनेकदा बदलली. कोणी किती तास काम केले आणि त्याबद्दल भांडारातून काय उचलले, याचा जमाखर्च लिहिण्यातच कित्येकांचे दिवस जात. स्त्रियांनी घरच्या नातेवाइकांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांतून दिसते ते असे की, समतेच्या राज्यात स्वयंपाक आणि धुणी बायकांकडेच राहिली, वर सामुदायिक कामाची भर पडली. आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सर्वांना खुल्या असलेल्या या समाजाच्या १८२५ च्या घटनेत कृष्णवर्णीयांना सभासदत्वातून स्पष्ट शब्दांत वगळले होते. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो म्हणणाऱ्यांना आपल्या भोवतालच्या परिस्थितीची ही एक बाजू दिसली नाही.

४ जुलै १८२६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ओवेनने ‘मानसिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ वाचला. खाजगी मालमत्ता, विवेकशून्य धर्म आणि या दोहोंवर उभी असलेली विवाहसंस्था, या तीन बेड्यांतून माणसाला मुक्त करण्याची ही घोषणा होती. एका वर्षाच्या आत त्याचे गाव अनेक छोट्या गटांत फुटले आणि १८२७ च्या उन्हाळ्यात तो निरोपाची भाषणे करून निघून गेला. त्याच्या संपत्तीचा फार मोठा भाग या प्रयोगात खर्ची पडला. ओवेन लबाड नव्हता, लोभीही नव्हता. एवढा निःस्वार्थी कारखानदार त्या शतकात विरळाच. पण रॅप आपल्या माणसांना काहीच ठरवू देत नव्हता, आणि ओवेन गावात नसल्यामुळे त्याच्या गावात काहीच ठरत नव्हते. जोसाया वॉरेन नावाचा एक तरुण संगीतकार या प्रयोगातून बाहेर पडला, तो व्यक्तिस्वातंत्र्याचा कडवा पुरस्कर्ता होऊनच. लगेच सिनसिनाटी शहरात त्याने श्रमाच्या तासांच्या मोबदल्यात माल देणारे दुकान काढले, आणि ते काही वर्षे नीट चाललेही.

आता या कथेतील तिसरा माणूस. समाजवादाच्या इतिहासात ओवेनला पाने मिळतात, याला सहसा ओळही मिळत नाही. विल्यम मॅक्ल्यूर. जन्म १७६३, स्कॉटलंडमधील एअर गावचा. व्यापारात तरुणपणीच पुष्कळ पैसा मिळवून तो त्यातून बाजूला झाला आणि त्याने भूशास्त्राचा ध्यास घेतला. अमेरिकेचा मोठा भाग पायी हिंडून त्याने १८०९ मध्ये त्या देशाचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला. फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचा तो १८१७ पासून मृत्यूपर्यंत अध्यक्ष होता. स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझीच्या शाळा पाहून तो भारावला होता. पाठांतराऐवजी वस्तू हाती देऊन शिकविण्याची ती पद्धत अमेरिकेत आणण्यासाठी त्याने जोसेफ नीफ या शिक्षकाला स्वखर्चाने बोलावून घेतले होते.

ओवेन आणि मॅक्ल्यूर यांच्या विचारांत एक मूलभूत फरक होता. जगातील विषमतेचे मूळ मालमत्तेच्या वाटपात आहे, असे ओवेन म्हणे. मॅक्ल्यूरचे म्हणणे होते की, मालमत्ता आणि सत्ता मूठभरांच्या हाती आहे, कारण ज्ञान मूठभरांच्या हाती आहे. ज्ञान वाटले गेले की बाकीचे वाटप माणसे आपली आपण करून घेतील. आणि ज्ञान वाटायचे म्हणजे भाषणे देऊन नव्हे; हाताने काम करणाऱ्या माणसाच्या हाती पुस्तक, उपकरण आणि चित्र पडले पाहिजे. न्यू हार्मनीच्या छापखान्यात १८३१ मध्ये छापून निघालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात हा विचार वारंवार येतो.

डिसेंबर १८२५ मध्ये मॅक्ल्यूर आपले विद्वान मित्र घेऊन पिट्सबर्गहून ओहायो नदीने निघाला. नावेचे नाव होते ‘फिलांथ्रॉपिस्ट’, म्हणजे लोकहितैषी. पण इतिहासात ती ‘ज्ञानाची नौका’ म्हणूनच ओळखली जाते. नावेत होता थॉमस से, अमेरिकन कीटकशास्त्राचा आद्य पुरुष. होता फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आणि चित्रकार लेस्यूर, जो तरुणपणी ऑस्ट्रेलियाच्या शोधमोहिमेवर जाऊन आला होता. पेस्तालोझीच्या पद्धतीने मुलींना शिकविणाऱ्या मादाम फ्रेताजो होत्या. ओवेनचा थोरला मुलगा रॉबर्ट डेल होता. थोडे अंतर जाताच नदी गोठली आणि नाव सुमारे महिनाभर बर्फात अडकून पडली. लेस्यूर चित्रे काढीत राहिला. तरुण मंडळी बर्फावर घसरत खेळली. जानेवारीत बर्फ फुटले आणि ज्ञान एकदाचे वॉबॅशकाठी पोहोचले.

ओवेनचा प्रयोग मोडला तेव्हा मॅक्ल्यूरशीही त्याचा पैशांवरून कोर्टापर्यंत वाद गेला आणि तडजोडीने मिटला. ओवेन गेला, नावेतली माणसे मात्र बरीचशी राहिली. दोन वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करणाऱ्या शाळा होत्या, मोठ्या मुलांना सुतारकामाबरोबर मुद्रण आणि तांब्यावरील कोरीव काम शिकविले जाई. अमेरिकेतील शंखशिंपल्यांवरचा थॉमस सेचा ग्रंथ १८३० पासून या अरण्यातल्या छापखान्यातून निघू लागला. त्याची बहुतेक चित्रे त्याची पत्नी ल्युसी हिने काढली, आणि छापील चित्रे हाताने रंगविण्याचे कामही गावातच झाले. १८३४ मध्ये से वारला, तेथेच पुरला गेला. फिलाडेल्फियाच्या अकादमीने १८४१ मध्ये आपली पहिली स्त्री सभासद निवडली, ती ल्युसी से. १८३२ च्या हिवाळ्यात जर्मनीचा राजपुत्र माक्सिमिलियान आणि त्याचा चित्रकार कार्ल बोडमेर मिसूरी नदीच्या मोहिमेवर निघाले असताना येथे थांबले. राजपुत्र आजारी होता. पण त्याचा मुक्काम सुमारे पाच महिने लांबला त्याला येथली पुस्तके आणि सेची व लेस्यूरची संगतही कारण झाली. बोडमेरने त्या काळात काढलेली वॉबॅशची रानटी, ओंडक्यांनी भरलेली चित्रे आजही पाहावी अशी आहेत.

प्रकृतीच्या कारणाने मॅक्ल्यूर मेक्सिकोत राहायला गेला, पण पत्रे आणि पैसे पाठवीत राहिला. १८३८ मध्ये त्याच्या प्रेरणेने न्यू हार्मनीत ‘वर्किंग मेन्स इन्स्टिट्यूट’ची, म्हणजे कष्टकऱ्यांच्या ज्ञानमंडळाची स्थापना झाली. हातांनी काम करून पोट भरणाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांना शिकवावे, त्यासाठी ग्रंथ आणि व्याख्यानाची जागा असावी, एवढाच उद्देश. ना धर्म बदलायचा, ना मालमत्ता एकत्र करायची, ना लग्ने मोडायची. रॅपच्या जुन्या चर्चच्या एका भागात संस्था भरू लागली. दोन वर्षांनी, १८४० मध्ये, मॅक्ल्यूर मेक्सिकोत वारला.

त्याचे मृत्युपत्र हा एक विलक्षण दस्तऐवज आहे. श्रमिकांची जी कोणती मंडळी वाचनाची व व्याख्यानाची खोली उघडून किमान शंभर पुस्तकांचा संग्रह करील, तिला पाचशे डॉलर द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. नातेवाइकांशी कज्जे झाले आणि पैसा बराच काळ अडकून पडला. अखेर ॲल्व्हिन होव्ही या वकिलाने (जो पुढे यादवी युद्धात सेनापती आणि नंतर इंडियानाचा गव्हर्नर झाला) ती मालमत्ता सोडविली आणि १८५५ पासून वाटप सुरू झाले. इंडियानात १४४ आणि इलिनॉयमध्ये १६ मंडळांना हा लाभ मिळाला. राज्याच्या ९२ पैकी ८९ जिल्ह्यांत मॅक्ल्यूरची पुस्तके पोहोचली. त्या काळी, त्या प्रदेशात, एवढ्या विस्ताराने ग्रंथालये निघण्याचे दुसरे उदाहरण सापडत नाही.

आणि ती जवळजवळ सगळी नाहीशी झाली. कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. कित्येक ठिकाणी देणगीची बातमी आली तेव्हाच मंडळ स्थापन झाले. घरोघरची जुनीपुराणी शंभर पुस्तके गोळा करून अट पुरी केली, पाचशे डॉलर आले, नवे ग्रंथ आले. काही वर्षे उत्साह टिकला. नंतर खोलीचे भाडे कोणी द्यायचे, कपाटाची किल्ली कोणाकडे राहायची, परत न आलेले पुस्तक मागायला कोणी जायचे, हे प्रश्न आले. या प्रश्नांची उत्तरे मृत्युपत्रात नव्हती. मंडळे मोडली, पुस्तके सभासदांनी वाटून घेतली किंवा विकली. काही संग्रह दुसऱ्या ग्रंथालयांत जिरले. यात कोणी मोठा अपराध केला असे नव्हे. पैसा बाहेरून आला होता, आणि वाचण्याची गरज गावात आधीपासून होती की नाही, हे पाहण्याची सोय शंभर पुस्तकांच्या अटीत नव्हती.

न्यू हार्मनीत ती गरज होती. तेथे पुस्तक हे कामाचे साधन होते. ओवेन गेला तरी त्याची मुले गावात राहिली, आणि त्या मुलांनी बापाच्या भाषणांपेक्षा मॅक्ल्यूरचा धडा अधिक गिरविला असे म्हणावेसे वाटते. डेव्हिड डेल ओवेन भूशास्त्रज्ञ झाला. १८३७ मध्ये त्याने इंडियानाची पहिली भूस्तरीय पाहणी केली, आणि १८३९ मध्ये केंद्र सरकारसाठी शंभराहून अधिक मदतनीस घेऊन आयोवा-विस्कॉन्सिन भागातील खनिजभूमी सुमारे दोन महिन्यांत पाहून टाकली. या मोहिमांची सूत्रे याच खेड्यातून हलत. रॅपच्या धान्यकोठारात दगडांचे नमुने आणि प्रयोगशाळा होती. धाकटा रिचर्डही भूशास्त्रज्ञ. यादवी युद्धात तो शत्रुपक्षाच्या कैद्यांच्या छावणीचा अधिकारी होता आणि त्याने कैद्यांना इतके माणुसकीने वागविले, की पुढे १९१३ मध्ये त्याच कैद्यांच्या पुढाकाराने त्याचा अर्धपुतळा उभारला गेला. पर्ड्यू विद्यापीठाचा तो पहिला अध्यक्ष. थोरला रॉबर्ट डेल राजकारणात गेला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे विधेयक त्याने लोकप्रतिनिधींच्या सभागृहात मांडले. १८५० च्या घटनासमितीत विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी तो भांडला. तेव्हा हरला, तरी प्रश्न मागे पडू दिला नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये गुलामांच्या मुक्ततेविषयी त्याने लिंकनला पत्र लिहिले. ज्या गावाच्या घटनेत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, त्याच गावातून हे पत्रलेखक गृहस्थ आले होते, हे लक्षात ठेवावे.

स्त्रियाही मागे नव्हत्या. ओवेनची नात कॉन्स्टन्स हिने १८५९ मध्ये ‘मिनर्व्हा’ नावाचे तरुण स्त्रियांचे वाङ्मयमंडळ काढले. त्याला लेखी घटना होती, निबंध वाचले जात, वाद होत. मंडळ चारच वर्षे चालले.

रॅपचे ते चर्च मात्र पडके झाले. १८७४ मध्ये ते पाडून त्याच्या विटांची त्या नावे नसलेल्या थडग्यांभोवती भिंत बांधण्यात आली. हे काम करविले ते लेन्झ नावाच्या एका वृद्धाने, त्याच जर्मन समाजातल्या एका उरलेल्या माणसाने. आपल्या माणसांच्या झोपेवरून गुरे फिरू नयेत, एवढीच त्याची इच्छा असावी.

वाचनालयाला स्वतःचे घर मिळाले ते १८९४ मध्ये, डॉक्टर एडवर्ड मर्फी यांच्यामुळे. हे गृहस्थ आयरिश. लहानपणी अनाथ अवस्थेत या गावात आले, गावाने त्यांना ठेवून घेतले, शिकविले. पुढे ते तेथेच वैद्यकी करू लागले आणि उतारवयात आपली मिळकत आणि युरोपच्या प्रवासांत घेतलेल्या चित्रांचा संग्रह त्यांनी या संस्थेला दिला. लाल विटांची ती इमारत त्यांच्या पैशातून उभी राहिली. मॅक्ल्यूरचे दान बाहेरून आले होते. मर्फींचे दान गावातूनच परत आले. दीडशेहून अधिक वाचनालयांत हेच एक टिकले, त्याचे एखादे कारण सांगायचे झाले तर हे सांगता येईल. दुसरे कारण म्हणजे, दिवा लावणारे आणि पुस्तक नोंदवून घेणारे असे कोणी ना कोणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या सापडत गेले. त्यांची नावे ओवेनच्या नावासारखी इतिहासात आली नाहीत, पण त्यांच्यावाचून मर्फींची इमारत पोकळ राहिली असती.

विसाव्या शतकातील इतिहास थोडक्यात सांगता येतो. रेल्वेच्या आणि मोटारींच्या युगात नदीचे महत्त्व गेले आणि गाव बाजूला पडले. १९३० मध्ये वॉबॅशवर पूल झाला. ओवेनच्या वंशजाशी विवाह करून टेक्सासहून आलेल्या जेन ब्लॅफर ओवेन यांनी पुढे जवळजवळ सारे आयुष्य या गावाच्या जीर्णोद्धाराला दिले. वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन याच्याकडून त्यांनी १९६० मध्ये ‘छप्पर नसलेले चर्च’ बांधून घेतले. कोणत्याही पंथाला एकच छप्पर पुरे पडणार नाही, आकाशच हवे, अशी त्यामागची कल्पना. १९७९ मध्ये रिचर्ड मायरची पांढरीशुभ्र ‘अथेनियम’ इमारत नदीकाठच्या शेतात उभी राहिली. जेनबाई २०१० मध्ये निवर्तल्या. प्रवासी येतात, फोटो काढतात. पण पर्यटनाने गावाचा ऱ्हास थांबतो असे नाही. २०१२ मध्ये जीर्ण झालेला तो पूल वाहतुकीला बंद झाला, आणि त्याच वर्षी, ज्या गावाने अमेरिकेला शिक्षणाचे नवे प्रयोग दाखविले, तेथील शाळाही विद्यार्थ्यांअभावी शेजारच्या शाळांत विलीन करण्यात आली.

वाचनालय चालू आहे. इंडियाना राज्यात अखंड चालत आलेले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय म्हणून त्याची नोंद घेतली जाते. मर्फींच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वस्तुसंग्रहालय आहे. त्या दोन्ही प्रयोगांचे कागद संस्थेच्या दप्तरात जपले आहेत, आणि ते चाळायला देशोदेशींचे अभ्यासक येतात. खालच्या मजल्यावर गावकरी पुस्तके बदलायला येतात.